बुधवार-शनिवारचं जेवण

तात्या,

आज बुधवार. अकराला दादाला मशीनवर घेतलं आणि मी सवयीनं जिना उतरून हॉस्पिटलच्या गेटवर येऊन उभा राहिलो. चपलेनं माती उकरत पाच-दहा मिनिटं थांबलो, मग लक्षात आलं आपण कुणासाठी थांबलोय. तिथून जो चालत सुटलो तो माळीवाड्यापर्यंत. एका खानावळीच्या दारातून आतली ताटं बघितली आणि मागं फिरलो. दुसरीत बाकावर बसलोसुद्धा. वाढप्यानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि मी "गाडी नीट लावून येतो" म्हणून उठलो तो परत गेलोच नाही. तिसरीच्या तर पायरीवरूनच परतलो. तुम्ही बरोबर असता तर भर रस्त्यात माझी खरडपट्टी काढली असती. बाकावर बसून न जेवता उठणं म्हणजे तुमच्या लेखी चुलीचा अपमान.

घास जाणारच नव्हता, कारण दोन वाजता एका ठिकाणी जायचं होतं. ते शेवटी सांगतो. आधी बाकीचं सांगू द्या. तुमच्यासमोर बोलायचं राहिलं ते सगळं.

तुम्ही गेलात त्याला चोवीस दिवस झाले. दहाव्याला मी पहिल्यांदा तुमच्या गावी आलो. जामखेडहूनही आत, उजाड माळावरचं गाव. तिथं लोक ज्या तात्यांबद्दल बोलत होते ते मला माहीत नव्हते. ऊसतोडीला बावीस वर्षं गेलेले, भावकीच्या भांडणात मध्ये पडणारे, भजनात मागच्या ओळीत बसणारे. मला माहीत होते ते फक्त बुधवार-शनिवारचे, अकरा ते तीनचे तात्या. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा. माझा दादा आणि तुमच्या घरच्या, गयाकाकू, दोघांच्याही किडन्या गेलेल्या. नगरच्या एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोघं चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेले. आणि आपण दोघं धडधाकट, बाहेर.

पहिल्या दिवशी मी गेटवरच्या गाडीशी उभ्यानं वडापाव खात होतो. तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी.

"कोन हाय तुजं आत?"

"भाऊ."

"किती दिस झालं?"

"आजच पहिला."

"मंग ह्ये टाक. ह्ये एका दिसाचं खानं हाय. तुला वरसं काडायचीत."

टाक म्हणालात आणि लगेच "आन हिकडं" म्हणून उरलेला अर्धा स्वतःच खाल्लात, अन्न वाया जायला नको म्हणून. मग मला दंडाला धरून मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला नेलंत. पत्र्याची शेड, दोन बाकडी, चुलीवर भाकरी थापणारी एक बाई. पिठलं, ठेचा, कांदा. दादाचं कळल्यापासून पंधरा दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो, आणि जेवताना रडलो. तुम्ही ते बघितलंत. फक्त बाईला म्हणालात, "ह्याला आजून आर्दी वाडा."

शहरात खानावळ शोधायची तुमची विद्या मी कुठं बघितली नाही. "पाटी वाचायची न्हाई," असं तुम्ही सांगायचात. "पाटी रंगवनारा येगळा, रांदनारा येगळा." एकच्या सुमाराला हमाल मोकळ्या हातानं कुठं निघालेत ते बघायचं आणि त्यांच्या मागं चालायचं. एकदा अशाच एका हमालाच्या मागं आपण गल्ल्यागल्ल्यांतून पाऊण तास चाललो. तो एका दारात वाकून शिरला, आपणही शिरलो. तो वळून बघतो तर दोन अनोळखी माणसं.

"कोन पायजे?"

तुम्ही अजिबात न गडबडता विचारलंत, "खानावळ हाय ना ही?"

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "ह्यांनाबी रोज तसंच वाटतं!"

तो हमाल इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्या दिवशी आपण त्याच्याच घरी जेवलो. शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी. पैसे घेईनात, तेव्हा तुम्ही पिशवीतून गावाकडच्या चार लिंबं काढून त्या माउलीच्या सुपात टाकलीत.

स्वस्तच हवं होतं आपल्याला, सत्तर रुपयांच्या वर जायचंच नाही असं ठरलेलं. पण स्वस्त म्हणजे कसंही, हे तुम्हाला मान्य नव्हतं. भात चिकट लागला तर मालकाला बोलावून शांतपणे सांगायचात. एक मालक चिडून म्हणाला, "बाबा, एवढ्या पैशात बिर्याणी देऊ काय?" तुम्ही म्हणालात, "बिर्यानी नको. त्यवडाच तांदूळ, त्यवडंच पानी, फकस्त येळेवर उतरीव." पुढच्या शनिवारी मुद्दाम तिथंच गेलात. भात मोकळा होता. तुम्ही त्याला हात जोडलेत, आणि तो माणूस लाजून आत गेला.

शिपी आमटीनं मात्र तुम्हाला शेवटपर्यंत झुलवलं. तुमच्याकडच्या पंगतीत वाढतात ती पातळ, झणझणीत तूरडाळीची आमटी. नगरात कुठंतरी ती मिळणारच, या आशेवर आपण दिल्ली गेटापासून स्टेशनापर्यंत सगळं पालथं घातलं. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आमटी हाय. शिपी न्हाई."

मला तो तुमचा शौक वाटायचा. बायको तिकडं सुया टोचून पडलीय आणि हा माणूस चवी शोधत हिंडतोय, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. ते मी कधी बोललो नाही आणि त्याबद्दल माफीही मागितली नाही. तीनेक महिन्यांनी एकदा लवकर वर आलो. तुम्ही काकूंच्या खाटेशी स्टुलावर बसला होता.

"आज मटकी हुती. मोड आल्याली. बोटायवडं मोड."

"बोटायवडं? कायबी सांगताय."

"बरं, नकायवडं म्हन."

"रस्सा कसा हुता?"

"पातळच. तवंग पिवळा. लाल न्हवता."

"मंग खोबरं नीट भाजलं नसंल त्यांनी," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटून त्यांनी आवंढा गिळला.

काकूंना डाळ मोजून, टोमॅटो बंद, नारळपाणी बंद, मीठ चिमटीनं, पाणी वाटीनं. ऊसतोडीच्या तळावर पहाटे तीन दगडांवर वीस माणसांचं रांधणारी ती बाई आता कानांनी जेवत होती. तिच्यासाठी तुम्ही नगर पालथं घालत होता. रोज तेच ते सांगितलं तर तिला कंटाळा येईल, म्हणून रोज नवी खानावळ.

एकदा तुमचं पोट बिघडलं होतं. जेवला नाहीत, बागेत पडून राहिलात आणि वर जाऊन काकूंना रचून सांगायला लागलात. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. भाकरी कशाची होती आणि कुणी थापली. तुम्ही अडखळलात. "तुमी जेवलाच न्हाई," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "पडून आसल्याल्या मान्साशी खोटं बोलू नाय बाबा. त्येला दुसरं कामच नसतं, त्यो आयकत बसतो."

 शेजारच्याच खाटेवर माझा दादा पडून होता, आणि त्याच्याशी मी दोन वर्षं खोटं बोलत होतो.

दादाचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सख्खा भाऊ असेल तर तपासून बघा. आमचा रक्तगट एकच आहे, ते मला माहीत होतं. तपासणीला म्हणून आमच्या घोडेगावातून सकाळी निघालो आणि शिंगणापूर फाट्यावरच्या एका टपरीत दिवसभर बसलो. शनीला जाणाऱ्या गाड्या मोजल्या. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "जुळत नाही." दोन मुली आहेत, दुकान आहे, बायको घाबरते, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण एकच होतं. मला पोट कापून घ्यायची भीती वाटली. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे, तू तरी काय करणार." घोडेगावच्या बाजारात दुसऱ्यांच्या म्हशींचे दात बघून वय सांगणारा माझा भाऊ. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलंच नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं. जगात फक्त तुम्हाला. कोर्टाच्या मागच्या खानावळीत आपण वांग्याची भाजी खात होतो आणि तुम्ही सहज सांगत होता की काकूंसाठी तुम्ही स्वतःची तपासणी केली होती. "न्हाई म्हनले. तुमाला साखर हाय म्हनले. दोन दिस त्या साखंरला शिव्या घातल्या मी." मग विचारलंत, "तुजं कशानं आडलं रं?" खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं.

तुम्ही ताट पुसून संपवलंत. हात धुतलेत. बाहेर आल्यावर बोललात.

"देऊ नको. तुजा जीव हाय. कोनी जबरदस्ती करू शकत न्हाई. पन त्येला सांग."

"सांगून काय होणार, तात्या? भाऊ भ्याला, हे ऐकून त्याला बरं वाटणार आहे का?"

"बरं न्हाईच वाटनार. पन त्येला दुसरं दार तरी ठोकता यील. तू कडी घालून बसलाय."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमची साखर आडवी आली. सुटलात तुम्ही."

तात्या, हे मी तुम्हाला बोललो. ज्या माणसाला द्यायचं होतं आणि देता आलं नाही, त्याला मी 'सुटलात' म्हणालो. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, रस्ता ओलांडलात आणि हॉस्पिटलपर्यंत पलीकडच्या कडेनं चालत गेलात. मी हाक मारली नाही.

पुढच्या बुधवारी म्हणालात, "भूक न्हाई मला." पायरीवर बसून राहिलात. मी एकटा जाऊन काहीतरी गिळून आलो. शनिवारी पुन्हा बरोबर आलात, आमटीचा घोट घेतलात, शिपी नाही म्हणालात, पावसाचं बोललात. मला वाटलं, विसरले. गेटवर आलो तेव्हा थांबलात.

"सांगितलं का?"

"सांगतो."

"कवा?"

"बघू ना, तात्या."

"मला सांगू नको बगू म्हनून. त्येच्याकडं बगून सांग."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नळावर तोंड धुताना तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. मला ते बुधवारी कळलं. काकू जावयाबरोबर आल्या होत्या. घरात अजून दुखवट्याची माणसं बसलेली होती, पण मशीन सुतक पाळत नाही. मोकळ्या कपाळानं काकू खाटेवर आडव्या झाल्या आणि सिस्टरांनी रोजच्यासारख्या सुया टोचल्या. जावयानं मला व्हरांड्यात घेऊन सांगितलं.

आणि आता जे लिहितोय त्यासाठीच हा कागद घेतलाय. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? 'आता कुणालाच माहीत नाही.' डोळ्यांत पाणी नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. भांडण झाल्यापासून मी तुमच्यावर नजर ठेवून होतो. तुम्ही दादाच्या खाटेकडं वाकलात की मी कान देऊन उभा राहायचो. तुम्ही त्याला म्हशींचे भाव विचारत असायचात. तुम्ही गेलात आणि मला हलकं वाटलं, तात्या. तेव्हापासून बसवत नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर असतं आणि मी उठून दारात जातो. म्हशीचा दोर मोजताना हात दोन-दोनदा चुकतो. रात्री बायको विचारते, किती वेळा कूस बदलणार.

त्या बुधवारी काकूंनी मला जवळ बोलावलं. "जेवला का, संजू?"

"नाही."

"जा. जेवून ये. आनि मंग ये हिकडं."

मी गेलो, जेवलो, येऊन सांगायला लागलो. आमटी होती, भात होता, म्हणालो. "आमटी हुती म्हंजी काय हुती?" काकू रागावल्या. "तुला सांगता येत न्हाई." पण थोड्या वेळानं स्वतःच विचारलं, फोडणीत लसूण होता का. होता म्हणालो. मग धीर करून मी विचारलं, तात्या माझ्याबद्दल काही बोलले होते का.

"काय बोलनार? लई घुश्श्यात हुते दोन-तीन दिस. इचारलं तर म्हनले, संज्याचं संज्या बगल."

जिला मटकीच्या मोडाची लांबी सांगायचात, तिला तुम्ही माझं हे सांगितलं नव्हतं. मला स्वतःला वाटत नव्हतं, पण तुम्हाला वाटत होतं की मी सांगेन.

मग त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी खाली उतरलोच नाही. स्टूल ओढून दादाजवळ बसलो.

"जेवायला नाही गेलास?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं बघितलं आणि सांगितलं. फाटा, टपरी, गाड्या, सगळं. रडलो नाही, कारण रडलो असतो तर त्यालाच माझी समजूत घालावी लागली असती. दादा छताकडं बघत होता. मशीनमधून त्याचं रक्त फिरत होतं, त्याला उठून जाताही येत नव्हतं.

"दोन वर्षं मी आईबापाच्या रक्ताला बोल लावला रे," तो म्हणाला. मग थांबून, "तुझी वहिनी म्हणत होती, माझी तपासा. मी म्हणलं, सख्ख्या भावाची जुळली नाही, तुझी काय जुळणार? दोनदा विचारलं तिनं. दोनदा गप बसवली."

तुम्ही ज्या दाराचं बोलला होता ते हेच होतं, तात्या. कडी मीच घातली होती, आणि तुम्हाला ते आमच्या घरात पाऊल न टाकता कळलं होतं.

दादानं तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवशी तो माझ्या व्हॅनमध्ये बसला नाही. गावातली एक जीप होती, तिच्यातून गेला. पुढच्या दोन खेपांना वहिनी त्याला एसटीनं घेऊन आली. तरी मी येत होतो, काकूंसाठी. लांबूनच बघायचो. आमच्या घरांच्या मध्ये एकच भिंत आहे, पण दहा दिवस त्या भिंतीतून एक शब्द आला नाही. माझी बायको म्हणाली, "सांगायची गरजच काय होती?"  तुम्ही असता तर तुमच्यावर ढकललं असतं.

काल दुपारी वहिनी दुकानात आली. गुरांच्या वेसणी, घुंगरं, म्होरक्या टांगलेल्या, त्यांच्या मधून वाकून आत आली. बस म्हणालो, बसली नाही.

"भाऊजी, उद्या दोन वाजता माझी रक्ताची तपासणी आहे. हे म्हणाले, तुम्हाला यायचं असलं तर या. बळजबरी नाही."

"दादा बोलला?"

"मला बोलले. तुम्हाला नाही."

आज सकाळी मी व्हॅन दारात लावली. दादा मागच्या सीटवर बसला. नगर येईपर्यंत बोलला नाही. पण बसला.

काकू आज विचारत होत्या, कुठं जेवलास. म्हणालो, जेवलो नाही, भीती वाटतेय. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मंग नगं जेवू. भ्याल्यालं प्वाट काय घेत न्हाई."

तो 'सुटलात' शब्द मी परत घेतो, तात्या. तुमच्यासमोर घ्यायला हवा होता, गेटवर, त्या शनिवारी. तुम्ही तिथं मला त्याचीही संधी दिली होती, आता कळतंय. पहिल्या दिवशी तुम्ही मला बसून जेवायला लावलं नसतंत, तर मी दोन वर्षं त्या गाडीशी उभ्यानंच काहीबाही खाल्लं असतं आणि कुणालाच काही सांगितलं नसतं. जुळेल का, माहीत नाही. जुळलं तर ऑपरेशनच्या टेबलावर चढायचं बळ माझ्यात आहे का, तेही माहीत नाही. हो म्हणून टाकलं तर ते पुन्हा खोटं होईल.

दोन वाजता लॅबमध्ये वहिनीचं आधी झालं. ती कोपर दुमडून, कापूस दाबून माझ्या मागं येऊन उभी राहिली. टेबलामागच्या मुलीनं फॉर्म पुढं ओढला.

"पेशंटशी नातं?"

"सख्खा भाऊ."

"याआधी तपासणी झालीय?"

मला वहिनीचा श्वास ऐकू येत होता.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही झाली. आज पहिल्यांदा."

मुलीनं मान खाली घालून ते लिहून घेतलं. मग दंडाला रबर बांधलं आणि म्हणाली, मूठ आवळा.